पाणी जातं कुठं?

बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येला लाँगब्रिज नावाचा भाग आहे. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ साली तिथे मोटारींचा कारखाना काढला. २००५ च्या एप्रिलमध्ये तो चालवणारी एमजी रोव्हर कंपनी बुडाली आणि सहा हजारांच्या आसपास माणसं घरी बसली. आमच्या गॅरेजचे मालक त्यांपैकी एक. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या कारखान्यात इंजिनं जुळवण्यात घालवली होती. बायकोला इथल्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली म्हणून मी भोसरी सोडून इकडे आलो आणि त्यांच्याकडे कामाला लागलो. सुरुवातीला ते मला टायर आणि ब्रेकपलीकडे काही देत नसत. एक दिवस एक सिटीरोव्हर आली. ही म्हणजे आपली इंडिका. पुण्यात बनायची आणि २००३ पासून इथे त्या नावाने विकली जायची. तिचं बॉनेट उघडल्यावर मी कुठलंही पुस्तक न बघता काम उरकलं, ते मालकांनी पाहिलं. त्यानंतर इंजिनाची कामं माझ्याकडे येऊ लागली. त्यांतलं मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं काम एका एमजीएफचं.

एमजीएफ ही दोन माणसांची, कापडी छताची छोटी स्पोर्ट्स कार. १९९५ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. तिचं इंजिन पुढे नसतं. सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे, आडवं बसवलेलं असतं. वजन मधोमध आल्यामुळे वळणावर ही गाडी स्टिअरिंगचं इतकं लगेच ऐकते, की एकदा चालवलेला माणूस तिचं नाव विसरत नाही. इंजिन के-सिरीजचं, १७९६ सीसी, सुमारे १२० अश्वशक्तीचं. आणि या इंजिनाचं नाव निघालं की इंग्लंडातला कुठलाही मेकॅनिक पुढचा शब्द उच्चारतो तो ‘हेड गॅस्केट’.

आमच्याकडे आलेली गाडी गडद हिरव्या रंगाची होती. मालकीण निवृत्त शाळाशिक्षिका. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचो. बाईंनी सगळी बिलं तारखेवार लावून फाइल केली होती आणि प्रत्येक बिलामागे काय घडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. हेड गॅस्केट तीन वेगवेगळ्या गॅरेजांत तीनदा बदललेलं. पहिल्या दुरुस्तीनंतर गाडी काही वर्षं चालली, दुसरीनंतर जेमतेम वर्षभर, आणि तिसरीनंतर पुढचा उन्हाळा यायच्या आतच कूलंटच्या टाकीत बुडबुडे यायला लागले. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “पुन्हा बदलायचं असेल तर बदला. पण ते का जातंय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

हे वाक्य मला लागलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बहुधा किती पैसे आणि किती दिवस एवढंच विचारतं. का, हे विचारणारा माणूस विरळा.

गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला एक पातळ पत्रा. त्याला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जाळ, त्याभोवती फिरणारं पाणी आणि वर-खाली जाणारं ऑइल. हे काम केवढं मोठं आहे ते आकड्यांनीच कळतं. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८० मिलिमीटरचा. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब ६० बार धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर एका सिलिंडरमागे तीन टन होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. शिवाय सगळं इंजिन सकाळी गारठलेलं असतं आणि दहा मिनिटांनी नव्वद अंशांवर जातं. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, लोखंड कमी. त्या सगळ्या हालचालीत तो पत्रा दोन्ही बाजूंना चिकटून राहायला हवा.

के-सिरीज ज्यांनी आखलं त्यांना हे ठाऊक नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. उलट मी आजवर उघडलेल्या इंजिनांत इतका धाडसी विचार दुसरा पाहिला नाही. १९८९ साली ते पहिल्यांदा रोव्हर २०० मध्ये १४०० सीसीचं म्हणून बाजारात आलं. साध्या इंजिनात हेडचे बोल्ट ब्लॉकच्या वरच्या भागात आटे पाडून आवळतात. इथे तसं नाही. हेड, ब्लॉक, क्रँकचे बेअरिंग धरणारा सांगाडा आणि त्याखालची ऑइलची पट्टी, असे एकावर एक थर. आणि वही शिवताना दाभण सगळ्या पानांतून आरपार जातो तसे हातभर लांबीचे दहा बोल्ट या सगळ्या थरांतून जातात. त्यामुळे ॲल्युमिनियमचा ब्लॉक ओढला जात नाही, तो सतत दाबलेला राहतो. ब्लॉक हलका करता येतो, भिंती पातळ ठेवता येतात, आणि लांब बोल्ट थोडा ताणला जाऊन तो ताण धरून ठेवतो. इंजिनात पाणीही मुद्दाम कमी ठेवलं, म्हणजे ते लवकर तापावं आणि इंधन वाचावं.

मग तेच इंजिन मोठं करायचं ठरलं. सिलिंडरमधलं अंतर तेवढंच ठेवून बोअर ७५ वरून ८० मिलिमीटरवर नेला आणि लांब स्ट्रोक घेऊन १८०० सीसी केलं. त्यासाठी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बदलावे लागले. आधीच्या इंजिनात ते जवळजवळ सगळ्या उंचीभर पाण्यात उभे असत. १८०० मध्ये ते ब्लॉकच्या निम्म्या उंचीवर असलेल्या एका काठावर टेकून बसतात. पाणी फक्त वरच्या भागाला लागतं. लायनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी वर राहायला हवी. आवळल्यावर गॅस्केटची आगीपुढची कडी त्या उंचवट्यावर घट्ट दाबली जाते. हा उंचवटा असेल तर जाळ आत राहतो, नसेल तर तो वाट शोधतो. या गाडीची सगळी कथा त्या शंभर मायक्रॉनभोवती फिरते. पण ते मला नंतर दिसलं.

भोसरीत मी ज्या मशिन शॉपमध्ये शिकलो तिथले अण्णा आयुष्यभर हेड फेसिंग, म्हणजे वाकलेलं हेड तासून सपाट करण्याचं काम, करत आले. मॅटॅडोर, ट्रॅक्स, मारुती ८००. खंडाळ्याच्या घाटात तापून बसलेली अर्धी वाहनं शेवटी त्यांच्या मशिनवर येत. वाकलेलं हेड आणून ड्रायव्हर घाई करायचा, “अण्णा, फेस मारा, गॅस्केट टाकतो, रात्री माल घेऊन निघायचंय.” अण्णा आधी विचारायचे, “तापली कशानं?” ड्रायव्हर म्हणायचा गॅस्केट गेल्यानं. अण्णा म्हणायचे, “ते मला दिसतंय. पाणी कुठं गेलं ते सांग.” होज, रेडिएटर, पंपाचं सील, फॅनचा बेल्ट, काहीतरी निघायचंच. ज्यांनी ते शोधून घेतलं त्यांची हेडं परत आली नाहीत. ज्यांनी नाही घेतलं त्यांची आली, आणि दरवेळी थोडी पातळ होऊन गेली. अण्णा आणखी एक गोष्ट करत: मशिनवर ॲल्युमिनियमचा कीस कसा निघतो ते बघत. चांगल्या हेडचा कीस कुरकुरीत तुटतो. जास्त तापून मऊ पडलेल्या हेडचा धातू टूलला चिकटतो, फासला जातो. तसं दिसलं की ते मशिन थांबवून म्हणत, “हे फेस करून उपयोग नाही. याचा जीव गेलाय.”

बाईंची गाडी मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात न लावता ठेवली. ती पूर्ण गार व्हायला हवी होती. मग कूलंटच्या टाकीवर हातपंपाचा टेस्टर बसवून सुमारे एक बार दाब भरला आणि उभा राहिलो. काटा अगदी हळूहळू खाली यायला लागला. पाणी बाहेर कुठे दिसत नव्हतं. एमजीएफचा रेडिएटर पुढच्या टोकाला आणि इंजिन मागे, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब पाइप जातात. मूळचे पाइप साध्या पोलादाचे असतात आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजतात. आधी ते तपासले. बाईंनी ते केव्हाच स्टेनलेसचे करून घेतले होते आणि ते कोरडे होते. हीटरखालचा कार्पेट कोरडा. पंप कोरडा. शेवटी आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनात हवा नेणाऱ्या इनलेट मॅनिफोल्डच्या खाली बघितलं, तेव्हा प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डची आणि हेडची जिथे गाठ पडते तिथे वाळलेल्या कूलंटचा पांढरट थर होता, आणि त्याच्या खालच्या टोकाला ओल.

या मॅनिफोल्डमधूनही थोडं पाणी जातं. तिथलं रबरी सील जुनं झालं की गार असताना झिरपतं. इंजिन तापलं की प्लॅस्टिक फुगून फट मिटते, आणि आधी गळलेला थेंब गरम धातूवर वाळून जातो. गॅरेजच्या फरशीवर डाग पडत नाही, वास येत नाही. गाडी चालवून तपासणाऱ्याला काही सापडत नाही. ज्या इंजिनात मुळात पाणी कमी, त्यातून असं महिनोन्महिने थोडं थोडं गेलं की वरच्या भागात हवा साचते. हेडमध्ये एका जागी पाणी नाही, तिथला धातू भलताच तापतो. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तेव्हाच खरं सांगतो. हवेत लटकला की काटा शांत राहतो. पाणी कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा या गाडीत नव्हता. म्हणजे चालवणाऱ्याला कळायला काही मार्गच नाही.

तिन्ही बिलं मी पुन्हा वाचली. गॅस्केट, बोल्ट, ऑइल, कूलंट, फेसिंग. एकातही इनलेट मॅनिफोल्डचं सील नव्हतं, म्हणजे काढलेलं जुनंच परत बसवलं होतं. त्याची किंमत एका वेळच्या जेवणाहूनही कमी. त्या गॅरेजांतल्या माणसांना काम येत नव्हतं असं मला वाटत नाही. हे काम ठरावीक रकमेत घेतलं जातं. एमजीएफमध्ये इंजिनापर्यंत पोचायलाच सीटमागचं आच्छादन, कार्पेट, ढीगभर बोल्ट काढावे लागतात. ठरलेले तास तिथेच संपत आलेले असतात. शोधायला आणि मोजायला लागणारा वेळ कुठल्याही बिलावर लिहिलेला नसतो, म्हणून तो कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही. हा या धंद्यातला सर्वांत मोठा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. तो पुण्यातही आहे, इथेही आहे. त्यात गिऱ्हाईक भरडलं जातं आणि कारागीरही.

गळती सापडली म्हणजे काम संपलं असं नव्हतं. पाणी जाऊन इंजिन एकदा तापलं की पुढचं नुकसान स्वतःच्या पायावर उभं राहतं. मालकांना सांगितलं की हेड काढण्याआधी मला लायनर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या हव्यात. त्यांनी कपाट उघडून कारखान्याच्या काळातला संच काढून दिला आणि म्हणाले, “आमच्याकडे हेड काढल्यावर क्रँक फिरवलेला दिसला तर सुपरवायझर तिथेच उभं करायचा.” कारण असं: लायनर खाली फक्त सीलंटच्या रेघेवर टेकलेले असतात, हेडचा दाब गेल्यावर त्यांना वरून कोणी धरत नाही. क्रँक फिरला की पिस्टन त्यांना किंचित वर उचलतो, ती रेघ तुटते, आणि परत खाली बसताना मध्ये काही अडकलं तर लायनर पुन्हा कधीच सारखा बसत नाही. हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. पण पुस्तकातली ओळ आणि एखाद्याच्या हाताला लागलेली सवय यांत फरक असतो, आणि ती सवय त्या कारखान्याबरोबर विखुरली गेली.

हेड उतरवलं. ब्लॉकवर डायल गेज लावून चारही लायनर चार-चार ठिकाणी मोजले. मधले दोन ब्लॉकच्या जवळजवळ पातळीत होते. कडेचे दोन वर होते, पण सारखे नाही. एक तर एका बाजूला कललेला. हेड उलटं केलं तर त्याच्या तोंडावर लायनरच्या कडांनी गोल खुणा रुतवलेल्या, नख फिरवलं की अडकेल इतक्या. अण्णांची आठवण झाली. शहरालगतच्या एका मशिन शॉपमध्ये कठिणपणा मोजून घेतला. मापाची गरजच नव्हती, पण कागदावर असावं म्हणून घेतलं. धातू मऊ पडला होता. आधीच्या दुरुस्त्यांत फेसिंगही होऊन गेलेलं. नव्या हेडची उंची ११९ मिलिमीटर आणि त्यातून ०.२० मिलिमीटरच्या पुढे काढायची परवानगी नाही. तो हिशेबही संपलेला.

तिसऱ्या गॅरेजने गॅस्केट चांगल्या प्रतीचं, अनेक पोलादी पत्र्यांचं टाकलं होतं. मूळचं गॅस्केट म्हणजे एका पत्र्यावर पाण्या-ऑइलसाठी रबरासारख्या पदार्थाची रेघ छापलेली असे. काही वर्षांनी ती रेघ सुटायची. हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्याही आधी प्लॅस्टिकच्या होत्या, त्यामुळे हेड थरथरत किंचित सरकायचं. पुढे पोलादी खुंट्या आल्या, अनेक पत्र्यांचं गॅस्केट आलं, खालची पट्टी मजबूत झाली, बोल्ट सुधारले. या सगळ्या सुधारणा खऱ्या आहेत. पण सर्वोत्तम गॅस्केटलाही खालून लायनरची उंचावलेली कड आणि वरून कठीण हेड लागतं. इथे खाली लायनर बसलेले आणि वर हेड मऊ. चांगल्या सामानावर पैसे खर्चूनही ते टिकणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला या गाडीत नीट समजली. याच मापाचं इंजिन साध्या, पुढे इंजिन असलेल्या गाड्यांतही असतं. तिथे रेडिएटर इंजिनाच्या शेजारी. एमजीएफमध्ये तो एका टोकाला आणि इंजिन दुसरीकडे. थर्मोस्टॅट पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला बसवलेला. थंडीच्या दिवसांत तो बंद असताना पुढच्या पाइपांतलं सगळं पाणी गारठून पडलेलं असतं. तो उघडला की ते गार पाणी एकदम तापलेल्या इंजिनात घुसतं. थर्मोस्टॅटला गार लागतं, तो मिटतो. इंजिन पुन्हा तापतं, तो पुन्हा उघडतो. प्रत्येक वेळी ब्लॉक आकसतो आणि फुगतो. पुढे या इंजिनासाठी दाबावर हळूहळू उघडणारा वेगळा थर्मोस्टॅट निघाला, तो याच कारणाने. एकाच इंजिनाला एका गाडीत सुख आणि दुसऱ्या गाडीत कष्ट, यात इंजिनाचा दोष किती आणि जागेचा किती, हा प्रश्न मी मालकांना विचारला. त्यांनी थोडा विचार केला. “आम्ही ते इंजिन जुळवत होतो तेव्हा ते लहान गाडीत जाणार होतं,” म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता अवघड काम उरलं: बाईंना सांगणं. त्या आल्या तेव्हा मी हेड बाकावर उलटं ठेवलं, डायल गेज ब्लॉकवर लावून ठेवला आणि प्रत्येक लायनरवर काटा कसा हलतो ते दाखवलं. मॅनिफोल्डचं जुनं सील हातात दिलं. शिक्षिकाच त्या, दोन प्रश्नांत त्यांना सगळं कळलं. मग मी खर्च सांगितला: ब्लॉक उतरवून लायनरच्या बैठका समान करायच्या, नवे लायनर बसवून उंची जुळवायची, तपासलेलं दुसरं हेड, सगळी सीलं, लवकर सावध करणारा पाण्याच्या पातळीचा सेन्सर. रक्कम गाडीच्या बाजारभावाच्या आसपास जात होती. मी तेही लपवलं नाही. कितीतरी एमजीएफ याच आकड्यापाशी भंगारात गेल्या आहेत. सुस्थितीतला सांगाडा, चांगलं चामडं, नवे टायर, आणि एका पत्र्यामुळे सगळं सुट्या भागांत विकलेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. लोखंडावर एवढी मेहनत कुणाच्या तरी हातून झालेली असते.

बाईंनी फाइल मिटली. म्हणाल्या, “याआधी तीन वेळा मी एवढेच पैसे दिले, थोडे थोडे करून. आता एकदाच देते. पण जे मोजाल ते मला लिहून हवं.” नवरा गेल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती आणि दर वसंतात त्या एकट्या वेल्सच्या डोंगरांतून फिरून येत. मी हो म्हटलं.

लायनर काढले तेव्हा दोन बैठकांवर जुन्या सीलंटचे वाळलेले तुकडे दबलेले निघाले. पहिल्यांदा कधी आणि कुणाच्या हातून ते हलले हे आता कळणं शक्य नव्हतं, आणि कळून करायचंही काही नव्हतं. बैठका तासून आल्या. नवे लायनर बसवले, प्रत्येकाची उंची पुन्हा चार ठिकाणी मोजली. चारही शंभर मायक्रॉनच्या आसपास, एकमेकांशी मिळते. हे सगळं मी एका कोऱ्या कागदावर उतरवत गेलो.

हेडचे बोल्ट आवळण्याचं या इंजिनाचं कोष्टक साधं आहे. ठरलेल्या क्रमाने आधी २० न्यूटन-मीटर. मग प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा. मग परत अर्धा फेरा. इथे टॉर्क रेंचचा आकडा बघायचा नसतो, कोन बघायचा असतो, कारण बोल्ट किती ताणला गेला हे महत्त्वाचं. म्हणून मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण करतो. दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात हाताला एक वेगळाच गुळगुळीत, जड प्रतिकार लागतो. दहाही बोल्टांत तो सारखा लागला की मनाला पटतं. एखादा हलका लागला तर तिथेच थांबायचं. मालक त्या वेळी मुद्दाम बाजूला येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, शेवटच्या बोल्टनंतर फक्त मान हलवून गेले.

मग हवा काढणं. लोक याला किरकोळ समजतात. या गाडीत ते दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं आहे. हीटरचा नळ पूर्ण गरमवर, पुढे रेडिएटरच्या वरचा स्क्रू आणि मागे पाइपवरचा स्क्रू सैल करून, बुडबुड्यांशिवाय अखंड धार येईपर्यंत हळूहळू भरत राहायचं. इंजिन तापवायचं, थर्मोस्टॅट उघडतोय का ते पुढच्या पाइपला हात लावून बघायचं, पंखा लागेपर्यंत थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत पातळी बघायची. संध्याकाळी घाईने केलेलं हे काम मला मान्य नाही. रात्र मध्ये जाऊ दिली आणि सकाळी टाकी परत पाहिली, तेव्हा पातळी थोडी खाली गेलेली होती. कुठेतरी अडकलेली हवा वर आली होती. ती भरली. त्यानंतर पातळी हलली नाही.

बाई गाडी घेऊन गेल्या. मी लिहिलेला कागद त्यांनी फाइलमध्ये सर्वांत वर लावला. त्यानंतर कितीतरी वसंत त्या वेल्सला जाऊन आल्या आहेत. दर वर्षी येतात तेव्हा आम्ही गार इंजिनावर दाब लावून बघतो, मॅनिफोल्डचं सील बघतो, कूलंट वेळेवर बदलतो. दुसरं काही करावं लागलेलं नाही.

त्या कामानंतर आमच्याकडे एक नियम झाला. कुठल्याही गाडीचं हेड गॅस्केट दुसऱ्यांदा गेलेलं असेल, तर तपासणीचे वेगळे पैसे सांगायचे, आधी सांगायचे, आणि ते मान्य नसेल तर काम घ्यायचं नाही. मालकांना वाटलं होतं गिऱ्हाइकं जातील. काही गेलीही. राहिली त्यांच्याशी आता आमचं बोलणंच वेगळ्या प्रकारचं होतं. भोसरीला फोन केला की मी अण्णांना यातलं काहीबाही सांगतो. आता मशिन त्यांचा मुलगा चालवतो, पण हेड कुठलं, किती वाकलं, हे त्यांना ऐकायला लागतंच. एमजीएफची हकिगत ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लायनरच्या उंचीचा नव्हे. “पाणी सापडलं का?” म्हणाले.

गेल्या आठवड्यात लोटस एलिस घेऊन एक तरुण आला. १९९६ साली आलेल्या पहिल्या एलिसमध्ये हेच १८०० चं इंजिन आहे, आणि तिथेही ते सीटच्या मागे. रविवारी त्याला रेस ट्रॅकवर गाडी न्यायची होती. गॅस्केट आधी एकदा बदललेलं, आता पुन्हा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय. शनिवारपर्यंत करून द्या, म्हणाला, पैसे जास्त घ्या. मी त्याला आरसा देऊन मॅनिफोल्डखाली बघायला सांगितलं. तिथे तोच पांढरट थर होता. गाडी रात्रभर इथे ठेवावी लागेल, सकाळी गार इंजिनावर दाब भरू, मग हेड काढून लायनर मोजू, आणि रविवार विसरावा लागेल, असं सांगितलं. तो मालकांकडे वळला. मालक म्हणाले, हा सांगतो तेच. तो थोडा वेळ गाडीभोवती फिरला, फोनवर कुणाशी तरी बोलला, मग किल्ली माझ्या हातात देऊन विचारलं, “सकाळी किती वाजता येऊ? मला ते बघायचंय.”

आठला या, म्हटलं.